साडीगार्ड बसवायला सिल्वासाला

सिल्वासाला चाललो आहे, असं सांगितलं तेव्हा आमच्या ग्रंथालयातले शिपाई मोरे हसले आणि म्हणाले, "एकटेच?" तिकडे दारू स्वस्त मिळते, त्यामुळे नाशिकमध्ये सिल्वासाचं नाव घेतलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर हे हसू येतंच. मी म्हणालो, "मोटारसायकलला साडीगार्ड बसवून घ्यायचं आहे." मोरे हसायचे थांबले. माझा थोरला भाऊ आठ महिन्यांपूर्वी तिथेच वारला, हे त्यांना ठाऊक होतं. रजेचा अर्ज त्यांनी आत नेला.

साडीगार्ड म्हणजे मागच्या चाकाशेजारी लावायची लोखंडी चौकट. मागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईचा पदर किंवा निऱ्या चाकात जाऊ नयेत म्हणून असते. हल्लीच्या गाड्यांना ती येतेच. दादाची गाडी हल्लीची नव्हती. त्याने ती घेतली तेव्हाच ती जुनी होती, आणि त्यालाही पस्तीस वर्षं झाली. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. किक उजवीकडे, सायलेन्सरही उजवीकडे. गाडीचं सगळं कामकाज उजव्या अंगाला आणि डावी बाजू मोकळी. मी कॉलेजात असताना तिच्यावरच गाडी चालवायला शिकलो. दादा मागे बसायचा आणि चुकलं की पाठीत एक बोट टोचायचा.

वहिनींचा फोन नोव्हेंबरच्या शेवटी आला. महिनाअखेरीस त्या घर सोडून पुण्याला मुलीकडे जाणार होत्या. गाडी वलसाडचे एक गृहस्थ नेणार होते. ते जुन्या गाड्या जमवतात, कारखान्यातून निघाल्या तशा करून ठेवतात. वरून लावलेलं काहीही त्यांना चालत नाही. त्यांचं येणं पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी ठरलं, म्हणून वहिनींनी घराची मुदत आठवडाभर वाढवून घेतली.

"भाऊजी, ह्यांनी माझ्यासाठी साडीगार्ड करवून घेतलं होतं," वहिनी म्हणाल्या. "खोक्यात पडलंय. लावायचं राहिलं. गाडी जायच्या आधी ते लावून मला एकदा दुधनीला, धरणाच्या पाण्यापर्यंत नेऊन आणाल का? ह्यांनी कबूल केलं होतं."

वहिनींनी आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं. मी गुरुवार ते रविवार अशी रजा टाकली.

गुरुवार

पेठ, कपराडा करत बस खाली उतरते तशी हवा जड होत जाते. नाशिकला सकाळी स्वेटर घातला होता तो दुपारी सिल्वासाच्या स्टँडवर काखेत होता. हे गाव पाहायला म्हणून फार कोणी येत नाही. रुंद रस्ते, दुभाजकावर कापून नीट केलेली झाडं, आणि गावाबाहेर पडलं की कारखान्यांची पत्र्याची छपरं. पाट्या गुजरातीत, हिंदीत, इंग्रजीत. मराठी पाट्यांवर दिसत नाही, पण कानावर सारखी पडते. भाजीवाली गुजरातीत भाव सांगते, गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करतं आणि सुट्ट्या पैशांवरून दोघंही हिंदीत भांडतात. आमच्याकडे एका वाक्यात दोन भाषा आल्या की लोक नाक मुरडतात. इथे तसं करायला कोणाला वेळ नाही.

दादाचं घर तळमजल्यावर आहे. गाडी व्हरांड्यात, जुन्या चादरीखाली. वहिनींनी चहा केला. डाव्या हाताने गाळला, डाव्या हाताने कप पुढे केला. दोन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून त्यांचा उजवा खांदा मोडला होता. हाड जुळलं, पण हात कोपराच्या वर उचलला जात नाही आणि पकडीत जोर नाही. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि समोर कप येताना बघणं यात फरक असतो.

"त्यानंतर गाडीवर बसलेच नाही," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणायचे, थांब, मी काहीतरी करतो. मग स्वतःच आजारी पडले."

खोकं मी उघडलं. आत चार प्रकारच्या वस्तू होत्या. एक मोठी चौकट, हेच साडीगार्ड. एक रुंद फूटरेस्ट, पण तिला मुळाशी बिजागरी, त्यामुळे ती दाराच्या कडीसारखी वर-खाली हलत होती. एक वाकवलेला जाळीचा पत्रा, हातभर लांब. आणि दोन मोठे गोल क्लॅम्प, मनगटापेक्षा जाड नळीला बसतील असे. सगळं घासून, काळा रंग देऊन, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. दादा खडोलीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं टूल-रूमचा प्रमुख होता. प्लास्टिकच्या वस्तूंचे लोखंडी साचे तिथे बनतात. ढिसाळ काम त्याला सहन होत नसे.

"यातलं काय कुठे लावायचं?" मी विचारलं.

"मी विचारलं होतं. म्हणाले, ड्रॉइंगला विचार." वहिनी किंचित हसल्या. "टूल-रूममध्ये तशी पाटीच लावली होती त्यांनी. शंका आली तर ड्रॉइंगला विचारा. घरी आमटीत मीठ किती म्हटलं तरी तेच उत्तर."

"ड्रॉइंग कुठे आहे?"

"असेल कोणाकडे तरी."

त्या ड्रॉइंगचा एक फोटो माझ्याकडेही होता. फोनमधला तो फोटो मी तेव्हा उघडला नाही. त्याविषयी पुढे येईल.

शुक्रवार

रमणभाईंचं गॅरेज घरापासून पाच मिनिटांवर आहे. गाडी ढकलत नेली तर पंधरा. ते साठीचे, गोल चेहऱ्याचे, आणि गाडीची डॉक्टरकी करताना स्वतःशी बोलणारे. दादाच्या गाडीला दुसऱ्या कोणी हात लावलेला नाही, असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं.

माझा चष्मा बघून त्यांनी मला मास्तर ठरवलं. मी ग्रंथपाल आहे म्हणालो.

"एटले चोपड्यांचे मास्तर," ते म्हणाले आणि खोक्याकडे वळले.

तीन तास ते काम चाललं. मी स्टुलावर बसून बघत होतो. चौकट डाव्या बाजूला धरली तर ती फ्रेमच्या भोकांशी बरोबर जुळली. रमणभाई खूश झाले. मग क्लॅम्प घेतले. डाव्या बाजूला इतक्या जाडीचं काहीच नव्हतं. त्यांनी ते इकडे लावून पाहिले, तिकडे लावून पाहिले, शेवटी तारेने चौकटीला बांधून टाकले. जाळीचा पत्रा दोनदा उलटसुलट केला आणि बाकावर ठेवून दिला.

"आ साहेब लोक मशीन बनवते, गाडी नाय समजते," ते म्हणाले. "जुओ ने मास्तर, फूटरेस्टला बिजागरी! काकी पाय ठेवेल ने ते खाली जाईल. फूटरेस्ट छे के दरवाजो?"

"दादाने काहीतरी विचार करून केलं असेल."

"विचार बहु केला. विचार ज विचार."

त्यांनी वेल्डिंगचा एक टाका मारून बिजागरी बंद करून टाकली. ठिणग्या उडाल्या तेव्हा मला थोडं वाईट वाटलं, पण मी काही बोललो नाही. ज्यातलं आपल्याला कळत नाही त्यात बोलू नये, हे मी आयुष्यभर पाळत आलो आहे. ती सवय नेहमीच चांगली असते असं नाही.

दुपारी त्यांनी उबाडियु मागवलं. थंडीत या पट्ट्यात रस्त्याकडेला ते मिळतं. मडक्यात पापडी, रताळी, कोनफळ आणि बटाटे हिरव्या मसाल्यात घालून, वर रानपाला कोंबून, मडकं उलटं करून जाळात भाजतात. रायगडात पोपटी करतात तिचं हे भावंड. फक्त पाल्याचा वास वेगळा, जरा कडसर. सोबत ताक. रमणभाई बटाटा सोलता सोलता म्हणाले की दादा दर डिसेंबरात इथे, याच बाकावर बसून उबाडियु खायचा आणि मडकं उलटं ठेवायचं कारण दरवेळी नव्याने समजावून सांगायचा.

"मला आधीच ठाऊक होतं," ते म्हणाले. "तरी हुं सांभळतो. ऐकायला सारुं लागे."

चारच्या सुमारास वहिनी आल्या. गाडी स्टँडवर होती, साडीगार्ड डावीकडे बसलेलं. वहिनींनी चप्पल काढली, फूटरेस्टवर पाय ठेवला आणि सीटवर बसल्या, डावीकडे पाय सोडून, जशा सगळ्या बायका बसतात तशा. मी पुढे बसलो. रमणभाईंनी गाडी स्टँडवरून उतरवून हाताने दोन पावलं ढकलली.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "थांबा."

तसं बसलं की चालकाच्या बाजूला उजवा हात येतो. धरायचं ते उजव्या हाताने. त्यांचा हात माझ्या कमरेपर्यंत आला आणि तिथेच राहिला. डावा हात मागे कॅरिअरकडे गेला, पण त्याने तोल सांभाळेना. त्या खाली उतरल्या आणि चप्पल घालू लागल्या.

"मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "फूटरेस्ट एवढी रुंद केलीय म्हणजे धरावं लागणार नाही." मग थोड्या वेळाने, "राहू द्या भाऊजी. रविवारी काढायचंच आहे."

रमणभाई हातातलं फडकं पुन्हा पुन्हा घडी करत राहिले.

घरी येताना आम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंनी चालत होतो. मला एकच प्रश्न पडला होता. दादाला हा हात रोज दिसत होता. मग जिथे तो हात लागणार, त्याच बाजूला त्याने हे सगळं का करावं? मी वहिनींना विचारलं, या वस्तू केल्या कोणी. त्या म्हणाल्या, भटूने. त्यांच्या हाताखालचा, नरोलीला राहतो.

शनिवार : नरोली

दमणगंगेच्या पुलावरून रिक्षा नरोलीकडे वळते. एकेकाळी हे शेतीचं गाव होतं. आता शेताच्या बांधावर ओळीने खोल्या आहेत. एकीला लागून एक, प्रत्येक दारासमोर एक बादली आणि एक दोरी. बिहार, ओडिशा, खान्देश, सगळीकडची माणसं. एका खोलीत दिवसपाळीचे आणि रात्रपाळीचे मिळून राहतात. एक उठतो तेव्हा दुसरा त्याच खाटेवर आडवा होतो.

भटू रात्रपाळी करून नुकताच आला होता. चाळिशीचा, धरणगावकडचा, हडकुळा. मी कोण ते सांगितल्यावर त्याने खाटेवरची गोधडी झटकून मला बसवलं आणि स्वतः उभाच राहिला.

"साहेबांसारखेच दिसता भो तुम्ही. फक्त रागीट नाही दिसत."

"दादा रागीट होता?"

"मापात चूक झाली की बोलायचे नाहीत. नुसते बघायचे. त्यापेक्षा शिव्या बऱ्या."

मी साडीगार्डचं सांगितलं. वहिनींना बसता आलं नाही, तेही सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"फिट नाही झालं?"

"चौकट झाली. क्लॅम्पना जागा नाही, जाळीचा पत्रा उरला, आणि बिजागरी कशाला तेच कळलं नाही."

"मलाही नव्हतं कळलं," तो म्हणाला. "पण साहेबांनी ड्रॉइंग दिलं म्हणजे विचारायचं नाही. बनवायचं." जरा थांबून त्याने जोडलं, "एक गोष्ट फक्त मी माझ्या मनाने केली."

कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीतून त्याने कागद काढला. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दादाच्या टोकदार पेन्सिलीने काढलेली आकृती. कागदाला चार घड्या होत्या आणि आकृतीचा चौकोन तेवढा वर ठेवलेला. इतका हाताळलेला की घड्यांवर पांढरा पडला होता.

भटूने मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. एकाच वस्तूची आकृती काढायच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत उजव्या बाजूचं दृश्य उजवीकडे काढतात, दुसरीत तेच डावीकडे. कागदाच्या कोपऱ्यात एक छोटी खूण असते, तिच्यावरून पद्धत ओळखायची. त्यांच्या टूल-रूममध्ये बाहेरदेशीच्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंग एका पद्धतीची आणि इथली दुसऱ्या पद्धतीची येतात. घाईत खूण बघायची राहिली की साचा आरशातल्यासारखा उलटा होतो. वर्षाकाठी एकदोनदा हे घडतंच आणि मग अख्खी पाळी मान खाली घालून फिरते.

"या ड्रॉइंगप्रमाणे केलं तर साडीगार्ड उजवीकडे येत होतं," भटू म्हणाला. "आता सांगा, साडीगार्ड कधी उजवीकडे असतं? आपल्याकडे बाई डावीकडेच बसते ना. साहेब तेव्हा खूप आजारी होते. मला वाटलं, खूण टाकताना चुकली. आजारी माणसाला काय सांगायचं? म्हणून मी गुपचूप सगळं पलटून बनवलं. त्यांना कळूच दिलं नाही."

त्याने हे अभिमानाने नाही आणि लाजेनेही नाही, एखादी जपलेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. साहेबांची पहिली आणि शेवटची चूक त्याने झाकली होती.

मी कागद हातात घेतला आणि पूर्ण उलगडला. मापं मला वाचता येत नाहीत. म्हणून मी जे वाचता येतं ते वाचलं. घडीच्या आत गेलेल्या पट्टीवर, तळाशी, दादाच्या बारीक अक्षरात तीन टिपा होत्या.

एक, किक मारताना फूटरेस्ट वर घ्यावी. दोन, उतरण्यासाठी गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला नेऊन थांबवावी. तीन, डावा हात चालकाच्या खांद्यावर.

मी त्या मोठ्याने वाचल्या. तिसरी वाचून झाल्यावर भटू हळूच खाली, पेटीवर बसला.

उजवीकडे पाय सोडून बसलं की चालकाच्या बाजूला डावा हात येतो. वहिनींचा डावा हात चांगला आहे. उजवीकडे सायलेन्सर आहे, म्हणून त्याला धरणारे मोठे क्लॅम्प. सायलेन्सर तापतो, पाय भाजू नये म्हणून त्यावर जाळीचा पत्रा. किक उजवीकडे आहे आणि मागे येताना फूटरेस्टला लागेल, म्हणून बिजागरी. एकही वस्तू उगीच नव्हती.

"तुम्ही हे वाचलं नव्हतं?" मी विचारलं.

"टिपा कोण वाचतं भो? आम्ही मापं वाचतो." त्याने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "बावीस वर्षं ते सांगत आले, डोकं लावू नका, ड्रॉइंगला विचारा. आणि मी एकदाच डोकं लावलं. तेही ह्याच्यात."

तेव्हा मी त्याला माझं सांगितलं. हाच कागद दादाने मला फोनवर पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'वाचून बघ.' मी तेव्हा ग्रंथालयाच्या वार्षिक मोजणीत होतो. फोटो मोठा न करताच मी उत्तर पाठवलं, 'छान.' त्याने पुन्हा काही विचारलं नाही. वाचणं हे ज्याचं काम आहे अशा एकाच माणसाला त्याने तो कागद वाचायला दिला होता. तो गेल्यानंतर मी ते संभाषण उघडलं नाही, त्यामुळे आठ महिने फोटो माझ्या खिशातच होता.

भटू पेटीवरून उठला आणि शर्ट घालू लागला.

"उद्या किती वाजता येणार वलसाडवाला?"

"दुपारी तीनला."

"मग बसून काय राह्यलो आपण? चला."

"तुम्ही झोपला नाहीत अजून."

"झोपू ना. उद्या झोपू."

नरोलीत त्याच्या ओळखीचं एक फॅब्रिकेशनचं शेड आहे. मी रिक्षाने सिल्वासाला जाऊन घरून गाडी गॅरेजवर ढकलत नेली आणि रमणभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी तोंडाने 'च्च' असा एक आवाज केला आणि कालचा वेल्डिंगचा टाका स्वतः ग्राइंडरने उडवला. सगळं सामान घेऊन तेच गाडीवर बसून नरोलीला आले. तिथे भटूने चौकट पुन्हा नव्याने वाकवली, क्लॅम्पचे कान कापून दुसऱ्या बाजूला जोडले. आता प्रत्येक मापाआधी तो मला टिपा वाचायला लावत होता. गरज नव्हती. पण मी वाचत होतो.

सायलेन्सरवर जाळीचा पत्रा बसला तेव्हा रमणभाई मागे सरकून बघत राहिले. "मशीन बनवे छे साहेब," ते म्हणाले, "पण गाडी पण समजे छे." क्रियापद त्यांनी वर्तमानकाळीच ठेवलं. कोणी सुधारलं नाही.

दिवेलागणीला काम संपलं. वहिनींना मी घरी येऊन एवढंच म्हणालो, "उद्या सकाळी आठला निघू. पण तुम्हाला उलट्या बाजूला बसायचं आहे." आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो दिव्याखाली नेऊन वाचला. बराच वेळ लागला. तीनच टिपा आहेत.

"भाऊजी, तुम्हालाही पाठवलं होतं ना हे? म्हणाले होते मला, धाकट्याला पाठवलंय म्हणून."

"हो."

"मग?"

"मी वाचलं नाही."

वहिनींनी कागदाची घडी घातली, जुन्या घड्यांवर नाही, एकच, मधोमध. "भात टाकते," त्या म्हणाल्या. "दोन वाट्या पुरेल ना?"

रविवार : दुधनी

रविवारी सकाळी इथले रस्ते रिकामे असतात. मी फूटरेस्ट वर केली, किक मारली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. वहिनींनी फूटरेस्ट खाली केली, उजवीकडे पाय सोडून बसल्या आणि डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. हात हलका होता. पहिल्या खड्ड्यानंतर तो घट्ट झाला.

राखोलीच्या पुढे एक शेरडांचा कळप आडवा आला आणि मी सवयीने उजवा पाय दाबला. तो ब्रेक नव्हे, गिअर. गाडीने आचका दिला, शेरडं पांगली. त्यांच्यामागची वारली बाई आम्हाला काहीतरी बोलली. ते मला कळलं नाही, पण अर्थ कळला. माझ्या पाठीत एक बोट टोचलं गेलं.

"ह्यांनी सांगितलं होतं," वहिनी मागून म्हणाल्या. "तुम्ही चुकलात की असं करायचं म्हणून."

खानवेलला साकरतोड नदीच्या पुलाजवळ चहा घेतला. मी गाडी आधी वळवून रस्त्याच्या उजव्या कडेला नेली, टीप क्रमांक दोनप्रमाणे. टपरीवाल्याने गाडीकडे पाहिलं, मग वहिनींकडे, मग पुन्हा गाडीकडे. खानवेलनंतर साग सुरू होतात, रस्ता वळणं घेतो, उतारावर नागली कापून झालेल्या जमिनी उघड्या पडलेल्या दिसतात. दोन्हीकडे कुडाची घरं, अंगणात पेंढ्याचे ढीग. आमच्या नाशिककडच्या डोंगरात आणि या डोंगरात फार फरक नाही. मधे फक्त राज्यं आहेत.

एका वळणावर वहिनी म्हणाल्या, "गंमत आहे."

"काय?"

"डावीकडे बसायचे तेव्हा जाताना एक बाजू दिसायची, येताना दुसरी. आज येतानाची बाजू जाताना दिसतेय. ते पिंपळाखालचं देऊळ दिसलं की मला वाटायचं, आता घर जवळ आलं." थोडं थांबून म्हणाल्या, "आज अजून पोचायचंय."

दुधनीला धरणाचं पाणी पसरलेलं आहे, मधे मधे टेकड्यांची डोकी. काठावर होड्या बांधलेल्या. आम्ही होडीत बसलो नाही. काठावरच्या एका घरात नागलीची भाकरी, लसणाची चटणी आणि माशाचं कालवण मिळालं. भाकरी आमच्याकडच्यापेक्षा जाड, कडेला किंचित करपलेली. वहिनी डाव्या हाताने जेवल्या. वाढणाऱ्या बाईने एकदा पाहिलं आणि पाण्याचा तांब्या उचलून त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला. दीड तास आम्ही तिथे होतो. दादाविषयी बोललो नाही. वहिनींनी पुण्याच्या घराच्या खिडक्यांविषयी सांगितलं.

परत आलो तेव्हा पावणेतीन झाले होते. रमणभाईंच्या गॅरेजसमोर वलसाडचे गृहस्थ आधीच येऊन थांबले होते. पांढरा शर्ट, हातात भिंग. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवरून हात फिरवला, नंबर तपासले. सौम्य माणूस होता. साडीगार्डपाशी येऊन मात्र त्यांनी मान वाकडी केली.

"हे कोणी उलटं बसवलंय?"

भटू बाकावर बसला होता. डोळे लाल, अजून झोपलेला नव्हता. तो उठून उभा राहिला.

"उलटं नाही साहेब," तो म्हणाला. "ड्रॉइंगप्रमाणे आहे."

गृहस्थांनी आमच्याकडे पाहिलं. काहीतरी आहे एवढं त्यांना समजलं असावं. "मला ते काढावं लागेल," ते वहिनींना म्हणाले. "माझ्याकडे गाड्या जशाच्या तशा असतात. इथेच काढून ठेवू का? तुम्हाला हवं असेल."

रमणभाईंचा पाना हातातच होता. वहिनींनी जरा विचार केला.

"वलसाडपर्यंत असू द्या," त्या म्हणाल्या. "मग काढा."

गृहस्थ गाडीवर बसले. पेट्रोलचा कॉक उघडला, किकवर पाय ठेवला आणि जोर लावला. किक अर्ध्यावर येऊन खाली पडलेल्या फूटरेस्टवर खणकन आदळली. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा तोच आवाज.

रमणभाई आणि भटू दोघंही एकदम पुढे झाले. मीही. पण वहिनी आमच्या आधी पोचल्या होत्या. त्या वाकल्या, डाव्या हाताने फूटरेस्ट वर उचलून धरली आणि ती बिजागरीवर नीट बसली का ते बोटाने दाबून पाहिलं.

"आता मारा," त्या म्हणाल्या.